जळजळीची बाटली आणि उपाशीपोटीची गोळी

लग्नसराईत लातूर-बीडकडच्या कुठल्याही मेडिकलवर थोडं थांबलं की ऐकू येतं, "दादा, छातीत लई आग व्हायलीय, पित्ताचं काहीतरी द्या." दुकानदार कधी जेलची बाटली देतो, कधी पॅन-४० ची गोळी. घेणाऱ्याच्या लेखी दोन्ही पित्ताचीच औषधं. प्रत्यक्षात त्यांचं काम वेगळं आणि घेण्याची वेळही वेगळी.

डायजीन, जेलुसिलच्या बाटलीत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. जठरात आधीच जमलेल्या आम्लाची धार ते जागच्या जागी मारतात, म्हणून काही मिनिटांतच बरं वाटतं. रिकाम्या पोटी हा आराम तासाभरात ओसरतो, जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास टिकतो. नवं आम्ल मात्र तयार होतच राहतं. इनोही याच जातीचं, पण त्यात सोडियम भरपूर असतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ते ऊठसूट पिऊ नये. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि हे औषध एकत्र घेऊ नये, काही तासांचं अंतर ठेवावं. नाहीतर ती गोळी अंगी लागत नाही.

पॅन-४० मधलं पॅन्टोप्राझोल आणि त्याच जातीचं ओमेप्राझोल थेट आम्ल तयार होण्यावरच घाव घालतात. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर फेकणारे पंप असतात, हे औषध रक्तातून तिथं पोचून ते बंद पाडतं. यातली खुबी अशी की फक्त चालू असलेलाच पंप बंद पडतो, आणि पंप चालू होतात ते खाण्यामुळे. म्हणून ही गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. रात्री काळ्या रश्श्यावर ताव मारून झोपताना ती घेणारे "काहीच फरक नाही" म्हणतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा वेळेचा असतो. पूर्ण गुण यायलाही तीन-चार दिवस लागतात. गोळी चावू किंवा कुटू नये, कारण वरचं आवरण निघालं की जठरातलं आम्लच औषध नासवतं.

"पॅन-डी म्हणजे जास्त पावरची पॅन" असं बरेच जण समजतात. तसं नाही. डी म्हणजे डोमपेरिडोन, मळमळ-उलटीवरचं औषध. काही रुग्णांत ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, तेव्हा स्वतःच्या मनानं ते घेऊच नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. ऊसतोडीला गेलेली, सोयाबीन काढणीत वाकून वाकून कंबर धरलेली माणसं डायक्लोफेनॅक उपाशीपोटी घेतात, आणि पोट जळलं की वरून बाटलीतलं जेल. या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात. जेलनं आग शमते, जखम मात्र आत वाढत राहू शकते. दुखण्याची गोळी बरेच दिवस घ्यावी लागणार असेल, तर सोबत पॅन्टोप्राझोलसारखं औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

म्हणून काही पॅन्टोप्राझोलची गोळी वर्षानुवर्षं चहासारखी रोज घ्यायची नाही. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आधीच शाकाहारी असलेल्या आजी-आजोबांनी तर जास्त जपावं. बरेच महिने घेऊन एकदम थांबवली तर काही काळ आम्ल जोरात उसळतं आणि आजार परत आला असं वाटतं, म्हणून डॉक्टरांना विचारून ती हळूहळू कमी करतात.

आणि छातीतल्या आगीबरोबर दरदरून घाम, धाप, किंवा हात-जबड्याकडे सरकणारं दुखणं असेल तर बाटली शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठून ईसीजी काढा. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काहीही दिसलं तरी मेडिकलवरून गोळी न आणता डॉक्टरच गाठायचे.