वंगणातल्या काळ्या भुकटीतून हायड्रोजनकडे

भोसरी-चाकणच्या कामगारांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड माहीत असतं ते काळ्या ग्रीसमुळे. दोन बाजूंना गंधक आणि मधे मॉलिब्डेनम असा त्याचा एकेक थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा. थरांची एकमेकांवर पकड कमी, म्हणून ते सहज घसरतात. शिवाय थराचा सपाट भाग कशाशीही सहजासहजी जोडला जात नाही. वंगणाला हे उत्तम. उत्प्रेरकाला, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला, मात्र हाच अडसर.

तरी रिफायनऱ्यांत इंधनातलं गंधक काढायला कोबाल्टची जोड दिलेलं मॉलिब्डेनम सल्फाइड अनेक दशकं वापरात आहे. मग काम करतं कोण? उत्प्रेरकाचा सगळा पृष्ठभाग सारखा राबत नाही, ठरावीक जागाच राबतात, हे रसायनशास्त्रज्ञ ह्यू टेलर यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं. इथे संशय कडांवर होता. पाण्यातून हायड्रोजन सोडवण्यासाठी १९७७ मध्ये या पदार्थाचे मोठे स्फटिक तपासले, तेव्हा ते निरुपयोगी ठरले आणि विषय मागे पडला. २००५ मध्ये डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञ नॉर्स्कोव यांच्या गटाने गणितं मांडून दाखवलं, की कडेवर हायड्रोजन धड घट्टही बसत नाही आणि सैलही राहत नाही. जिवाणूंमधल्या विकरांसारखंच हे वागणं.

खरा निकाल लागला २००७ मध्ये, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग तोच. सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाचे एका थराचे इवलेसे तुकडे वाढवले. काही नमुने ४०० अंशांना तापवले, काही ५५० अंशांना. जास्त तापवलं की तुकडे मोठे होतात आणि क्षेत्रफळाच्या मानाने कड घटते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही मोजून तेच नमुने विद्युतघटात घातले. हायड्रोजनचा वेग क्षेत्रफळाशी जुळेना, कडेच्या लांबीशी मात्र सरळ प्रमाणात जुळला.

तिथून कडा वाढवण्याची खटपट सुरू झाली: थर उभे वाढवणं, सच्छिद्र रचना करणं. २०१६ मध्ये गंधकाचे अणू काढून आणि थराला ताण देऊन सपाट भागही कामाला लावता आला.

पुण्याला हा विषय जवळचा आहे. पाषाणला १९५० पासून असलेली एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उत्प्रेरकांवर काम करते आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी व सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांची हायड्रोजन बस इथेच दाखवली गेली. हायड्रोजन स्वस्त करायचा, तर आम्लधर्मी इलेक्ट्रोलायझरमधलं, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन सोडवणाऱ्या यंत्रातलं, महागडं प्लॅटिनम हटवून तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखा उत्प्रेरक आणावा लागेल. प्लॅटिनम अजून हटलेलं नाही.