स्टिकरचा चिकटा आणि संत्र्याची साल

वरुड, मोर्शी, काटोल या विदर्भातल्या संत्र्याच्या भागातल्या फाट्यांवरचे प्रवासी निवारे बघा. बियाण्यांच्या जाहिराती, बोअरवेलवाल्यांचे नंबर, मूळव्याधीचा इलाज, वाढदिवसाच्या शुभेच्छा. सगळे स्टिकर एकावर एक. एसटीच्या वेळा त्याखाली कुठेतरी दबलेल्या. ग्रामसफाईच्या दिवशी पोरं खुरपं घेऊन भिडतात. कागद निघतो, चिकटा तसाच राहतो आणि जिथे रंग खरवडला जातो तिथे पावसाळ्यात लोखंड गंजायला लागतं.

कणकेच्या खळीने लावलेलं पोस्टर काढणं सोपं. खळ म्हणजे पिष्ट. ते पाणी पिऊन फुगतं आणि सैल होतं. स्टिकरचा गोंद मात्र कधी वाळतच नाही. लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचा हा पदार्थ अर्धा घन, अर्धा द्रव असतो. बोटाने दाबला की तो पृष्ठभागाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखळग्यांत वाहत शिरतो. तिथे रेणू इतके जवळ येतात की व्हॅन डर वाल्स बलं, म्हणजे रेणूंमधली परस्पर ओढ, काम करू लागतात. एकेक बल क्षीण, पण त्यांची संख्या अफाट. गोंद किती मऊ हवा याची मर्यादा कार्ल डालक्विस्ट या संशोधकाने सांगून ठेवली आहे: साधारण 1 ते 3 लाख पास्कलपेक्षा (पास्कल हे ताठपणा मोजायचं एकक) ताठ असेल तर तो नुसत्या दाबाने चिकटत नाही.

काढण्याची युक्तीही याच गुणात आहे. झटका दिला तर साखळ्यांना सरकायला वेळ मिळत नाही. गोंद ताठ होतो, जोर जास्त लागतो आणि कागद फाटतो. हळू ओढलं तर तो सैलावतो. उष्णतेनेही तेच होतं, आणि विदर्भात ती फुकट मिळते. पण नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, भर दुपारी हे काम करू नये. लोखंड इतकं तापतं की गोंद मधूनच तुटतो आणि अर्धा खांबावर राहतो. सकाळचं ऊन चढून पत्रा हाताला कोमट लागला की कोपरा नखाने उचलावा आणि स्टिकर त्याच्याच अंगावर उलटा दुमडत सावकाश ओढावा.

वर्षानुवर्षं उन्हात राहिलेले स्टिकर असे निघत नाहीत. अतिनील किरणांनी रबरी गोंद पिवळा पडून कडक होतो आणि पीव्हीसी प्लास्टिकचा पापुद्रा ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात. इथे द्रावक लागतं, आणि ते आपल्या बागांतच आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं. लिमोनीन हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचा पदार्थ, आणि रबरी गोंदही बहुतांशी हायड्रोकार्बन. त्यामुळे ते साखळ्यांमध्ये घुसून त्यांना फुगवतं. पाण्याला हे जमत नाही. फुगवलेल्या फुग्यावर साल पिळली की तो फुटतो, त्यामागचं कारण हेच. चिकटा काढण्याच्या बाजारातल्या कित्येक द्रवांतही लिमोनीनच असतं. ताजी साल दुमडून चिकट्यावर पिळावी, थोडा वेळ थांबावं, मग जाड फडक्याने पुसावं. काही स्टिकरना रबरीऐवजी अ‍ॅक्रिलिक गोंद असतो, त्याला जास्त वेळ आणि जास्त साली लागतात. हे तेल पेट घेतं, त्यामुळे जवळपास विडी नको. शेवटी साबणाच्या पाण्याने हात आणि पत्रा दोन्ही धुवावेत.

रस्त्यावरच्या चमकणाऱ्या पाट्यांवर मात्र हे प्रयोग करू नयेत. त्यांच्या पापुद्र्यातले काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम गाडीचा उजेड चालकाकडे परत पाठवतात. खरवडल्याने किंवा मातीच्या तेलाने तो थर खराब झाला, तर अंधारात वळणाची पाटी दिसतच नाही. ते काम सार्वजनिक बांधकाम विभागावर सोडावं. विजेच्या डीपीच्या पेटीला तर हातच लावू नये, लाइनमनला सांगावं.

मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहे, तरी स्टिकर लागतातच. म्हणून शहरांत खांबांना खरबरीत रंग देतात. गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो आणि पकड कमी बसते. निवाऱ्याच्या खांबांनाही असा रंग देता येईल. वेळापत्रकाचा फलक मात्र गुळगुळीतच हवा, नाहीतर तो वाचता येणार नाही. गोंद पहिले दोन-तीन दिवस खाचांमध्ये वाहत राहतो आणि पकड वाढत जाते. त्यामुळे तिथे नवा स्टिकर दिसला की तो त्याच दिवशी काढावा.