स्क्रीन येणं वेगळं, नेटवर्क येणं वेगळं

नेटवर्क ॲडमिनच्या कामात दोन गोष्टींची सतत गल्लत होते. उपकरणाची स्क्रीन चालवता येणं ही एक, आणि त्या स्क्रीनमागे काय घडतंय ते कळणं ही दुसरी. पहिली आली म्हणजे दुसरीही आलीच, असं लोक धरून चालतात. माणसं नोकरीवर घेणारेही त्यात आले.

हा माउस विरुद्ध कमांडचा जुना वाद नव्हे. वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेटं उलगडून दाखवणारं टूल पूर्णपणे ग्राफिकल आहे, पण टीसीपी, म्हणजे डेटा नीट पोचवण्याचे नियम, न समजणाऱ्याला त्यातून काहीही हाती लागत नाही. उलट, कुठून तरी कॉपी केलेल्या कमांडा टर्मिनलमध्ये चिकटवणाऱ्याला नेटवर्क येतं असं मी म्हणणार नाही.

शिवाय स्क्रीन खरोखर वाचवते. सिस्को स्विचच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) वाहणाऱ्या जोडणीवर, नवा व्हीलॅन चढवताना कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द राहिला, तर आधीची सगळी यादी पुसली जाते आणि फक्त नवा व्हीलॅन उरतो. चेकबॉक्स असलेल्या स्क्रीनवर ही चूक सहसा होत नाही.

पण आता हे बघा. एका स्विचचा पोर्ट १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) असा हाताने पक्का केलाय. समोरचा ऑटोवर आहे, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स तो दुसऱ्या टोकाशी वाटाघाट करून ठरवतो. ऑटोवाल्याला समोरून वाटाघाटीचं उत्तरच मिळत नाही. वेग त्याला सिग्नलवरून ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरतो. फुल टोक हवं तेव्हा पाठवत राहतं. हाफ टोक तार मोकळी व्हायची वाट बघतं, आणि आपण पाठवत असताना समोरून फ्रेम (डेटाचा तुकडा) आली की टक्कर झाली समजून मधेच थांबतं. स्क्रीनवर दोन्ही पोर्ट हिरवे! पिंगही (जोडणी तपासायचं छोटं पॅकेट) जातो, कारण तेवढ्या तुरळक पॅकेटांत टक्करीला फारसा वाव नसतो. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मात्र सगळं रखडतं. हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि फुल बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेल्या फ्रेम) यांचे आकडे चढत असतात. हे काउंटर बऱ्याचदा स्क्रीनवरही सापडतात, दोन-तीन क्लिक आत. पण काय शोधायचं हे ठाऊक असेल तरच हात तिथवर जातो.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर पोर्टचा व्हीलॅन बदलणं, वायफायचा पासवर्ड बदलणं ही कामं आता हेल्पडेस्कवरचा माणूसही करतो. ज्यांचा सगळा दिवस यातच जायचा, त्यांची भीती खोटी नाही. मला जास्त काळजी वाटते ती नवख्यांची. याच किरकोळ कामांत चुकत-माकत लोक नेटवर्क शिकायचे. ती खालची पायरीच निघून गेली, आणि वरच्या कामांना, म्हणजे डिझाइन, बिघाड शोधणं, ऑटोमेशन यांना, अनुभवी माणूस तर हवाच आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने फेसबुकचा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरांना जोडणारं मुख्य नेटवर्क, पाडला. अशी कमांड अडवणाऱ्या तपासणी टूलमध्ये बग होता, म्हणून ती अडली नाही. नेटवर्कबरोबर आतली टूल्सही गेली. इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं, आणि सेवा सुमारे सहा तास बंद होत्या. अशा वेळी क्लिक करायला स्क्रीनच उरत नाही.

चांगली स्क्रीन शिकवूही शकते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २००७ या मेल सर्व्हरचा विझार्ड काम संपल्यावर त्यामागची पॉवरशेल कमांड दाखवायचा. तुमच्या टूलमध्ये ती सोय नसेल, तर 'अप्लाय' दाबण्याआधीची आणि नंतरची कॉन्फिग काढून फरक बघा. आणि दोन जुने स्विच मिळाले, तर एक पोर्ट फुलवर पक्का करा, दुसरा ऑटोवर ठेवा, मोठी फाइल कॉपीला लावा आणि दोन्हीकडचे काउंटर उघडून बसा.