इलेक्ट्रॉन वहन साखळी

ऑक्सिश्वसनाच्या अखेरच्या टप्प्यात, अन्नघटकांच्या विघटनातून निघालेले इलेक्ट्रॉन ज्या वाहकांच्या मालिकेतून ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, तिला इलेक्ट्रॉन वहन साखळी म्हणतात. दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशींत ती तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतील पटलात असते, तर जीवाणूंमध्ये पेशीपटलात.

अन्नघटकांतील इलेक्ट्रॉन वाहून आणणारा एनएडीएच हा रेणू ते पहिल्या प्रथिनसंकुलाला (प्रथिनांच्या गटाला) देतो. सक्सिनेट या अन्नविघटनातील मधल्या संयुगापासून मिळणारे इलेक्ट्रॉन एफएडीएच२ या दुसऱ्या वाहक रेणूमार्फत दुसऱ्या संकुलातून येतात. दोन्ही वाटा युबिक्विनोन या मेदविद्राव्य वाहकापाशी मिळतात आणि पुढे तिसरे संकुल, सायटोक्रोम सी व चौथे संकुल असा क्रम लागतो. पुढच्या वाहकाची इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची प्रवृत्ती एकंदरीत अधिक असल्याने हा प्रवास उतारावरचा असतो. एनएडीएच ते ऑक्सिजन हे विभवांतर (विद्युतदाबातील फरक) सुमारे १.१४ व्होल्ट भरते. त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर पहिले, तिसरे आणि चौथे संकुल इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक जोडीमागे अनुक्रमे ४, ४ आणि २ प्रोटॉन पटलाबाहेर टाकतात. दुसरे संकुल एकही टाकत नाही.

चौथ्या संकुलात ऑक्सिजनचा रेणू लोह आणि तांबे यांच्या अणूंमध्ये धरला जातो आणि चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन मिळून पाण्याचे दोन रेणू होईपर्यंत सहसा सुटत नाही, कारण अर्धवट क्षपण झालेला (पुरेसे इलेक्ट्रॉन न मिळालेला) ऑक्सिजन पेशीला अपायकारक असतो. सायनाइड याच लोहाला जखडते. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

साखळी स्वतः एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करत नाही, हा मुद्दा अनेकदा निसटतो. ऊर्जा साठते ती पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांच्या तफावतीत. संशोधक एखाद्या ऊर्जासंपन्न मध्यस्थ संयुगाच्या शोधात असताना ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली; तिच्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेर गेलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरामधून परतताना त्याचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो आणि प्रत्येक फेरीत एटीपीचे तीन रेणू तयार होतात. हिशेब प्रोटॉनांचा असल्यामुळे उत्पन्न पूर्णांकात येत नाही: एका एनएडीएचमागे सुमारे २.५ आणि एफएडीएच२ मागे सुमारे १.५ एटीपी. जुन्या पाठ्यपुस्तकांतील ३ आणि २ हे आकडे, आणि त्यांवर बेतलेली ग्लुकोजमागे ३८ एटीपी ही बेरीज, आता मागे पडली आहे.

नवजात अर्भकांच्या तपकिरी मेदात मात्र प्रोटॉनांना परतण्यासाठी वेगळे प्रथिन असते. तेथे एटीपीऐवजी उष्णता निर्माण होते.