व्यावसायिक क्रीडावैद्यकातील क्लिनिकल पोस्टिंग

वैद्यकीय विद्यार्थ्याने व्यावसायिक संघाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे घेतलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण. बहुधा शेवटच्या वर्षांत, ऐच्छिक म्हणून आणि दोन ते चार आठवड्यांसाठी ते घेतले जाते. क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९२८ मध्ये सेंट मोरिट्झ येथे स्थापन झाली. ब्रिटनने मात्र या विषयाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००५ मध्ये.

सामन्याच्या दिवसाचे आकर्षण मोठे असले, तरी शिकण्यासारखे बरेचसे सरावाच्या दिवशीच घडते. सकाळी फिजिओच्या खोलीत कोणाचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आखडला आहे, कोणाचा सरावाचा भार कमी करायचा, हे ठरते. गुडघ्याची लॅकमन चाचणी इथे हातात बसते. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. पुढचे क्रुशिएट लिगामेंट (मांडीचे हाड आणि नडगी जोडून ठेवणारा गुडघ्यातला अस्थिबंध) शाबूत असेल तर ओढ एकदम अडते. तुटलेले असेल तर तो अटकाव हाताला लागत नाही. दुखापतीनंतर लगेच, सूज येण्याआधी आणि स्नायू आवळण्याआधी हे स्पष्ट कळते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती संधी बहुधा निघून गेलेली असते.

डोक्याला मार लागल्यावर विचारायचे प्रश्नही वेगळे असतात: आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना जिंकलो का? कंकशनची, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचे काम तात्पुरते बिघडल्याची, नुसती शंका आली तरी खेळाडू त्या दिवशी परत खेळत नाही. पुढे सहा टप्प्यांनी, प्रत्येकी किमान २४ तास देऊन, तो मैदानात परततो. निर्णायक सामन्यात, खेळाडू स्वतः विनवत असताना, त्याला बाहेर बसवणारा डॉक्टर जवळून पाहणे हा या पोस्टिंगचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्टियन एरिक्सन याचे हृदय सामना चालू असताना मैदानावरच थांबले. जागेवर दिलेल्या सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे) आणि डिफिब्रिलेटर या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रामुळे तो वाचला. म्हणून कोण छाती दाबणार, यंत्र कोण आणणार, रुग्णवाहिका कुठून येणार, याची सामन्यापूर्वीची उजळणी विद्यार्थ्याने चुकवू नये. परिश्रमजन्य उष्माघातात नियम असा, की आधी थंड पाण्यात बुडवून तापमान उतरवायचे, मग रुग्णालयात हलवायचे.

विद्यार्थ्याने स्वतःहून खेळाडूला एकही गोळी देऊ नये. सर्दीच्या औषधातले स्यूडोएफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीत आढळले, तर स्पर्धाकाळात ते डोपिंग ठरते. निषिद्ध पदार्थांची यादी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था दरवर्षी नव्याने काढते.

गोपनीयतेचा प्रश्न इथे फार नाजूक असतो. डॉक्टरचा पगार क्लब देतो, रुग्ण मात्र खेळाडू असतो आणि प्रशिक्षकाला उत्तर लगेच हवे असते. प्रशिक्षकाला काय सांगायचे, हे खेळाडूच्या संमतीने ठरते. दुखापतीची बातमी सट्टेबाजांनाही हवी असते. त्यामुळे ड्रेसिंग रूममधला फोटो किंवा मित्राला सांगितलेली गोष्टसुद्धा गंभीर उल्लंघन ठरू शकते.

संघातल्या खेळाडूचा एमआरआय अनेकदा त्याच दिवशी होतो आणि फिजिओ रोज त्याच्या हाताशी असतो. सामान्य रुग्णाला हे क्वचितच मिळते. म्हणून संघाबरोबरच्या दिवसांना क्रीडा ओपीडीची जोड असलेले पोस्टिंग अधिक उपयोगी पडते.