इंगलवूडचे कोरडे धरण : दरवाजे का नाहीत, याची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटन शहराच्या वायव्येला, स्टिलवॉटर नदीवर इंगलवूडचे मातीचे धरण आहे. लांबी ४,७१६ फूट, उंची सुमारे ११० फूट, माथ्यावरून हमरस्ता गेलेला. वर्षातले बहुतेक दिवस या धरणात पाणी नसते. नदी भरावाखालच्या मोऱ्यांतून जशी येते तशी निघून जाते. आपल्याकडे एवढे मोठे धरण कोरडे दिसले तर लोक त्या वर्षाला दुष्काळी म्हणतील. तिथे मात्र ते कोरडे असणे म्हणजेच सर्व काही ठीक असणे. स्टिलवॉटर ज्या ग्रेट मायामी नदीला मिळते, तिच्या खोऱ्यात अशी पाच धरणे आहेत आणि पाचही मिळून साधारण ३६.५ टीएमसी पूर पोटात घेऊ शकतात. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा २९ टीएमसीच्या घरात आहे, यावरून या रिकाम्या जागेचा आवाका लक्षात यावा. पाचांपैकी एकालाही नदीचे पाणी अडवणारा दरवाजा नाही. या नोंदीचा भर त्या दरवाजांवरच आहे.

पूर अडवायचा पण पाणी साठवायचे नाही, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये ल्वार नदीवर पिने येथे १७११ मध्ये दगडी बांध घालून नदीला मुद्दाम अरुंद वाट ठेवली होती. डेटन वसले १७९६ मध्ये, तेही नेमके नद्यांच्या संगमावर. १८०५, १८४७, १८६६ आणि १८९८ मध्ये गावात पाणी शिरले. प्रत्येक वेळी काठावरचे मातीचे बांध थोडे वाढवले गेले आणि लोक पुन्हा तिथेच राहिले.

मग १९१३ चा मार्च आला. रविवार २३ तारखेपासून पाऊस लागला. जमीन आधीच भिजून तट्ट झालेली, पाणी जिरायला जागा नव्हती. मंगळवारी, २५ तारखेला सकाळी, बांधांवरून पाणी आले आणि बांध गेले. शहरातून त्या दिवशी गेलेला विसर्ग अडीच लाख क्युसेक धरला जातो. नदीच्या पात्रात याच्या निम्मेही पाणी मावत नव्हते. बाजारपेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी चढले. त्यात गॅसच्या नळ्या फुटून आग लागली आणि पाण्यात उभ्या असलेल्या इमारती पाण्यावरच जळाल्या. गल्ला मोजायची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याने त्या दिवसांत सपाट बुडाच्या होड्या ठोकून दिल्या. खोऱ्यात सुमारे ३६० माणसे दगावली.

पूर ओसरल्यावर दोनच महिन्यांत शहराने वर्गणीतून वीस लाख डॉलरची हमी उभी केली. जुन्या न्यायालयाच्या इमारतीवर गल्ल्याच्या यंत्राची भलीमोठी प्रतिकृती लावून रोजचा आकडा दाखवला जाई. पूर असताना माळ्यावर बसून दिलेली वचने आता आठवा, असे आवाहन होते. केंद्र सरकारकडून दमडीही आली नाही. १९१४ मध्ये राज्याने कायदा केला. त्यानुसार खोऱ्यातल्या जिल्ह्यांचे न्यायाधीश एकत्र बसून योजना मंजूर करणार आणि ज्याच्या जमिनीला जेवढा लाभ, तेवढी आकारणी त्याच्याकडून वसूल होणार होती.

इथे गाव आणि शहर समोरासमोर आले. धरणे होणार होती वरच्या अंगाला, शेतकऱ्यांच्या जमिनीत; कोरडे राहणार होते खालचे शहर. शेतकऱ्यांच्या सभा झाल्या, कायदा रद्द व्हावा म्हणून खटपट झाली, प्रकरण राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे कायदा टिकला. या विरोधाला पुढे बऱ्याच लेखनात अडाणीपणाचा शिक्का बसला, तो अन्यायाचा आहे. या लोकांच्या डोळ्यांसमोर १८८९ चे जॉन्सटाउन होते. पेनसिल्वेनियातले ते मातीचेच धरण. तळातून पाणी सोडायच्या नळ्या काढून टाकलेल्या, माथा खचलेला, सांडव्यात मासे निसटू नयेत म्हणून बसवलेल्या जाळ्या. पावसात पाणी माथ्यावरून गेले, भराव वाहून गेला आणि २,२०० हून अधिक माणसे मेली. ज्यांनी १२ जुलै १९६१ चे पानशेत पाहिले किंवा घरातल्या मोठ्यांकडून ऐकले, त्यांना मातीच्या धरणाची ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

दरवाजांचा वाद इथूनच सुरू झाला. दरवाजे असावेत म्हणणाऱ्यांचे म्हणणे साधे होते. एवढा खर्च करतोच आहोत तर पाणी राखा, वीज करा, उन्हाळ्यात सोडा. शिवाय दरवाजे असले तर कोणत्या नदीचे पाणी किती वेळ रोखायचे हे हातात राहते. हिशेबाने यात तथ्य होते. मुख्य अभियंत्याने मात्र मोऱ्या कायमच्या उघड्या ठेवल्या. मोरीचे माप असे काढले की धरण काठोकाठ भरले तरी बाहेर पडणारे पाणी खालच्या पात्रात मावेल. रोजची नदी निर्धोक जाते. पूर आला की मोरीत न मावणारे पाणी आपोआप मागे तुंबते आणि काही दिवसांत आपोआप उतरते. मध्यरात्री फोन लागला नाही, दरवाजा अडकला, वरिष्ठांचा आदेश उशिरा आला, असे काही घडायला जागाच ठेवली नाही.

पण खरे कारण याहून खोल होते आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. दरवाजा असला की पाणी धरून ठेवण्याचा मोह होतो. एक वर्ष पिण्यासाठी, एक वर्ष विजेसाठी, मग नौकाविहारासाठी, आणि पूर येतो तेव्हा धरण अर्धे भरलेले असते. हा मोह पुढच्या पिढ्यांना होणार हे ओळखून बांधणाऱ्यांनी धरणांवर दगडी फलक बसवले. फलकावरचा मजकूर असा : ही धरणे पूरनिवारणासाठी आहेत, वीजनिर्मितीसाठी किंवा साठवणीसाठी त्यांचा वापर झाला तर खालच्या शहरांना तो धोका ठरेल. धरणावर मंत्र्यांची नावे आणि उद्घाटनाची तारीख वाचायची सवय असलेल्या आपल्याला हा फलक थबकून वाचावासा वाटतो.

शब्दाचाही घोळ झाला. जलाशय म्हटले की लोकांना भरलेले तळे दिसे आणि ते फुटण्याची भीती वाटे. म्हणून अभियंत्यांनी जलाशय हा शब्द टाळून ‘पुराचा वेग मंदावणारे खोरे’ अशा अर्थाची संज्ञा रूढ केली. दरवाजे असलेल्या साठ्याला वेगळा शब्द, उघड्या मोरीच्या साठ्याला वेगळा. पुढे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले आणि भेद पुसट झाला. मराठीत तर आपण दोन्हींना धरणच म्हणतो. ‘कोरडे धरण’ म्हटले तर ऐकणारा पावसाने दगा दिला असे समजतो. ‘पूरथोप धरण’ म्हणता येईल, निदान काम काय ते तरी कळेल.

बांधकाम १९१८ ते १९२२ चालले. पाण्याच्या फवाऱ्याने टेकड्या धुऊन निघालेला गाळ पंपाने भरावावर नेत. जाड माती कडेला बसे, बारीक चिकणमाती मध्ये निवळून गाभा होई. १९१३ च्या पुरापेक्षा ४० टक्के जास्त पाणी गृहीत धरले होते. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर गेला. मॅड नदीवरच्या हफमन धरणाच्या बुडीत क्षेत्रात ऑस्बर्न गाव येत होते. त्या गावातली सुमारे चारशे घरे पायापासून उचलून, वाफेच्या ट्रॅक्टरांनी ओढत उंचावर नेली. गाव हलले आणि १९५० मध्ये शेजारच्या गावात मिसळून त्याचे नावही गेले. शेतजमिनीचे मात्र वेगळे झाले. बुडीत क्षेत्रातली पुष्कळ जमीन विकत घेऊन, तिच्यावर पाणी येऊ देण्याचा हक्क राखून ती पुन्हा शेतकऱ्यांना विकली. घर बांधायचे नाही, पीक घ्या. तिथले मोठे पूर बहुधा हिवाळ्याच्या शेवटी येतात, तेव्हा शेतात उभे पीक फारसे नसते, म्हणून हे जमले.

या धरणांचा धागा भारतापर्यंत येतो. त्यांचा मुख्य अभियंता १९३३ मध्ये टेनेसी खोऱ्यातल्या केंद्रीय विकास संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच माणसाने पुढे स्वतंत्र भारताच्या विद्यापीठ शिक्षण आयोगावर काम केले. टेनेसीच्या नमुन्यावर १९४८ मध्ये दामोदर खोऱ्यासाठी महामंडळ निघाले, तेही १९४३ च्या पुरानंतर. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे १९५३ ते १९५९ या काळात झाली. पण मैथन आणि पंचेतच्या वरच्या अंगाची जमीन पुराच्या पूर्ण पातळीपर्यंत संपादित झालीच नाही, त्यामुळे कागदावरची पूरसाठवण पूर्ण वापरता आली नाही. शिवाय त्याच धरणांकडून वीज आणि सिंचनही हवे होते. फलकावर लिहून ठेवलेला धोका तो हाच. कृष्णेला २००५ आणि २०१९ मध्ये पूर आले, तेव्हा सांगली-कोल्हापुरात अलमट्टी आणि कोयनेच्या पातळीवरून जी भांडणे झाली, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे : ऑगस्टच्या आरंभी किती जागा रिकामी ठेवायची आणि तिची किंमत कोणी मोजायची?

१९३७ मध्ये ओहायो या मुख्य नदीला विक्रमी पूर आला, डेटन सुरक्षित राहिले. जानेवारी १९५९ मध्ये पाचही धरणांनी मिळून आजवरचा सर्वांत मोठा साठा थोपवला. धरणांनी पाणी अडवल्याच्या नोंदी आता दोन हजारांच्या वर गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा वेळी शहरातल्या माणसाला पत्ताही लागला नसणार.

शंभरी ओलांडलेल्या भरावांना आणि काँक्रीटला आता दुरुस्ती हवी आहे. त्यासाठी मालमत्तांचे नव्याने मूल्यांकन झाले, तेव्हा २०२४ मध्ये आकारणी बरीच वाढणार असे दिसले आणि गदारोळ झाला. वाढ स्थगित ठेवावी लागली. या वेळी तक्रार घेऊन आले ते वरच्या अंगाचे शेतकरी नव्हते. आले खालच्या शहरांतले घरमालक, ज्यांच्या अंगणात शंभर वर्षांत ती नदी आलेली नाही.