आवृत्ती तीच, दुरुस्ती नवी

इंदूरच्या लोकमान्यनगरातील एका घरी ‘रास्पबेरी पाय ३’ हा तळहातावर मावणारा लिनक्स संगणक रोज सकाळी ब्लूटूथ स्पीकरवर नाट्यपदे लावतो. नातवाने त्यातील ब्लूटूथचे सॉफ्टवेअर अपडेट करून आवृत्ती तपासली, तर पूर्वीचाच ५.६६ हा आकडा दिसला. तेव्हा ‘आजोबा, काहीच झालं नाही’ असे सांगून तो मोकळा झाला. प्रत्यक्षात बरेच काही झालेले असू शकते.

लिनक्सवर ब्लूटूथचे काम तीन ठिकाणी वाटलेले असते: रेडिओ चिप, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ‘ब्लूझेड’ ही पार्श्वभूमीला चालणारी सेवा. त्यांपैकी चिपची तऱ्हा न्यारी आहे. तिचा मूळ प्रोग्राम कारखान्यातच कायमचा कोरलेला असल्याने त्यातील चुका दुरुस्त करणारी एक छोटी फाइल संगणक सुरू होताना दर वेळी मेमरी कार्डावरून चिपच्या तात्पुरत्या स्मृतीत भरली जाते आणि वीज गेली की पुसली जाते. म्हणजे येथे फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) अपडेट करताना चिपला हातही लागत नाही. बदलते ती कार्डावरची फाइल. कर्नल बदलल्यास मात्र संगणक पुन्हा सुरू करावाच लागतो.

आता त्या आकड्याविषयी. ‘पाय’वरची नेहमीची प्रणाली ज्यावर आधारलेली असते, त्या ‘डेबियन’ या लिनक्स-प्रकाराच्या १२ व्या आवृत्तीत ब्लूझेडची ५.६६ ही आवृत्ती आहे आणि डेबियनच्या रिवाजाप्रमाणे सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत आणून बसवल्या जातात. बदल दिसतो तो पॅकेजच्या नावामागच्या ‘डेब१२यू१’ अशा शेपटात. २०२३ च्या अखेरीस अशीच एक दुरुस्ती आली. इतरांना दिसेल अशा स्थितीत ठेवलेल्या संगणकाला जवळचे एखादे उपकरण, मालकाच्या संमतीवाचून, कीबोर्ड असल्याची बतावणी करून जोडले जाऊ शकत होते आणि हव्या त्या कळा दाबू शकत होते. यावरचा उपाय म्हणजे एका सेटिंगचे मूळ मूल्य बदलणे, एवढाच होता! अर्थात, जुना गेम कंट्रोलर चालावा म्हणून कोणी ते सेटिंग स्वतः ढिले करून ठेवले असेल, तर अपडेटनंतरही ते ढिलेच राहते.

नव्या आकड्याच्या हौसेपायी मूळ सोर्सकोडवरून ब्लूझेड तयार करणारेही असतात. घरगुती वापरासाठी मला तो उपद्व्याप वाटतो, कारण पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची जबाबदारी मग आपल्याच गळ्यात पडते.

शिवाय ‘पाय ३’चा रेडिओ ब्लूटूथ ४.१ या मानकाचा आहे. कोणत्याही अपडेटने तो ५.० चा होणार नाही. त्यासाठी जेल रोडवरून वेगळा डोंगल (यूएसबीत खोचायचा ब्लूटूथ अडॅप्टर) आणता येईल, पण त्याच्या चिपलाही बहुधा स्वतःची फर्मवेअर फाइल लागेल आणि जोडणीच्या गुप्त किल्ल्या प्रत्येक अडॅप्टरच्या पत्त्याखाली स्वतंत्रपणे साठवल्या जात असल्यामुळे आजोबांचा स्पीकर नव्याने जोडून घ्यावा लागेल.